हाताला वळण

काही माणसांना आपण न कळत दुखावतो आणि ते आपल्याला फार उशिरा कळते. असाच एक प्रसंग आज वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यात दोष माझाच आहे.

वेदीसेवा करणाऱ्या आमच्या मुलांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या सदऱ्याची बटणे नेहमी एक घर चुकलेली आणि बुटाचे बंद लोंबत असलेले. एका रविवारी पायऱ्या चढताना तो स्वतःच्याच बंदावर पाय पडून कोसळला आणि त्याच्या हातातील पाण्याची कुपी फुटली. मी सर्व मुलांदेखत म्हणालो, ‘‘एवढा घोडा झालास, साधी गाठ मारता येत नाही? वेंधळाच आहेस!’’ मुले हसली. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

चौथ्या आठवड्यात मी त्याच्या घरी उधन्याला गेलो. कुटुंब मूळचे खानदेशचे. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात; आई घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. बोलता बोलता त्या माउलीची बोटे क्षणभरही थांबत नव्हती. मी बुटाचा विषय काढताच तिचे डोळे भरून आले. ‘‘फादर, बूट मीच घालून देते त्याला. सकाळी नळाचं पाणी, ह्यांचा डबा, शाळेची घाई. शिकवू कधी? आणि शिकवलं तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. शाळेत आळशी म्हणतात. पण तो आळशी नाही हो!’’

ती खरेच सांगत होती. पुढे डॉक्टरांनी मुलाला तपासले. दृष्टी ठीक, स्नायूंचा वा मज्जातंतूंचा आजार नाही, बुद्धी उत्तम. त्याच्या अडचणीला त्यांनी ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ हे नाव दिले. ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्दही त्यासाठी वापरतात. मनात हेतू स्पष्ट असतो, हातापायांत बळही असते. परंतु हालचालींचा क्रम, वेग आणि अंदाज यांचा मेळ बसत नाही. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत पाच-सहा मुलांना ही अडचण असते, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले निघावीत. ‘वेंधळा’, ‘धांदरट’ म्हणून आपण ज्यांना बाजूला सारतो, त्यांतली कित्येक हीच असतील.

मग उपाय काय? माझी समजूत होती की बोटांना काहीतरी व्यायाम द्यावा, मणी ओवायला लावावेत, म्हणजे इतर कामे आपोआप जमतील. ही समजूत अपुरी ठरली. मणी ओवण्याने मुख्यतः मणी ओवणे सुधारते. जे काम जमत नाही तेच काम लहान लहान पायऱ्यांनी शिकवावे, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचे सांगणे आहे. कॅनडातील तज्ज्ञांनी त्यासाठी चार पायऱ्यांची एक सोपी रीत घालून दिली आहे: काय साधायचे ते मुलाने स्वतः ठरवावे, कसे करायचे याचा बेत करावा, करून पाहावे, आणि कोठे चुकले ते स्वतःच पडताळावे. मोठ्यांनी उत्तर सांगू नये, प्रश्न विचारावा.

हे वाचताना मला आपल्याच प्रदेशातील एक जुनी वाट आठवली. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरात बालमंदिर उघडले. ताराबाई मोडक पुढे त्यांना येऊन मिळाल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह खेड्यातील व आदिवासी मुलांसाठी काम उभारले. सुरतेहून मुंबईकडे जाताना घोलवड स्थानक लागते, त्याच्याजवळचीच ही ठिकाणे. माँटेसोरीबाईंच्या साधनांत बटणे लावण्याच्या आणि बंद बांधण्याच्या चौकटी असतात. ताराबाईंनी परकी महाग साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे हाती घेतले. साधन घरातलेच असावे, हा धडा तेथूनच घ्यावा.

त्या माउलीने तो घेतला. साड्यांच्या लेसमधून तिने दोन रंगांच्या पट्ट्या काढून बुटात ओवल्या, म्हणजे कोणते टोक कोणावरून जाते ते मुलाला दिसावे. बूट आधी पायात नव्हे, पाटावर ठेवला. पहिले काही दिवस सारी गाठ तिनेच बांधली, फक्त शेवटचा ओढा मुलाने दिला. मग शेवटच्या दोन कृती त्याच्या, मग तीन. रोज रात्री केवळ दहा मिनिटे. सकाळच्या घाईत शिकवणी नाही. एके दिवशी गाठ सुटली तेव्हा ती रागावली नाही. तिने विचारले, ‘‘का बरं सुटली असेल?’’ तो म्हणाला, ‘‘पहिला पेच मी सैल ठेवला.’’ सुमारे दोन महिन्यांनी त्याने दोन्ही बूट स्वतः बांधले.

इतर कामांनाही हीच रीत लागू पडते. सदऱ्याची बटणे खालून वर लावावीत, म्हणजे घर चुकत नाही. लिहिताना पाय अधांतरी लोंबू नयेत. पायांखाली पाट द्यावा. चेंडू झेलण्याआधी फुगा झेलू द्यावा, कारण तो सावकाश येतो. मात्र पूर्वी येत असलेले काम येईनासे झाले, पडणे वाढत चालले, किंवा एकच बाजू दुबळी वाटली, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. अडचण साधी असली तरी व्यवसायोपचारतज्ज्ञांचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे, मार्गदर्शन मोलाचे ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे, हेही पालकांनी आणि शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.

त्या मुलाचे सारे काही सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. त्याचे अक्षर अजून वेडेवाकडे येते आणि ताटातली आमटी अधूनमधून सांडते. पण तो परत आला. त्या रविवारी मी सर्व मुलांना जवळ बोलावले आणि त्यांच्यादेखत त्याची क्षमा मागितली. अपमान चारचौघांत केला होता, तर क्षमा एकांतात मागून कसे चालेल? त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, ‘‘फादर, तुमच्या झग्याचं वरचं बटण लागलं नाही.’’

खरोखरच लागले नव्हते.