वाफसा म्हणजे काय रे भाऊ?

ऑफ-रोडिंग म्हटलं की आपल्याला सह्याद्रीच आठवतो. पण मराठवाड्यातही जिंतूरपासून हिंगोलीपर्यंत डोंगर आहेत. सह्याद्रीपुढे ठेंगणे, तरी फोर-बाय-फोरचा घाम काढणारे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघं थार घेऊन सेनगावजवळच्या अशाच एका चढणीसाठी गेलो.

चढण म्हणजे मुरूम, सुटे धोंडे आणि मध्येच उघडी पडलेली खडकाची पायरी. अशा ठिकाणी आधी पायी फिरून यायचं. मग लो रेंज, पहिला गिअर. चाकांवरची ताकद दोन-अडीच पटीने वाढते, वेग तितकाच उतरतो. उंच धोंडा दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, त्यावर चाक चढवायचं, म्हणजे गाडीचं पोट घासत नाही. उतरताना तोच गिअर, क्लचवरून पाय बाजूला, बाकीचं इंजिन ब्रेकिंग बघून घेतं. थोडक्यात काय, हिरोगिरी कमी आणि गोगलगायगिरी जास्त!

खरी गोम पायथ्याशी होती. वरचा खडक बसाल्टचा, खालची काळी मातीही त्याच बसाल्टची झीज होऊन झालेली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं. ओल्या मातीने टायरच्या खाचा भरल्या की चारही चाकं गुळगुळीत. चारही फिरतात, गाडी तिथेच!

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री पाऊस झालेला. पाणंदीच्या तोंडाशी एक काका बैल घेऊन उभे होते. म्हणाले, "आज नका घालू गाडी. वाफसा येऊ द्या." जास्तीचं पाणी निथळून माती पायाला चिकटेनाशी होते, पण आत ओल टिकून असते, तो वाफसा.

आमचा मित्र म्हणाला, "विंच आहे काका, निघू आम्ही."

"तुम्ही निघाल हो. माझं सोयाबीन याच वाटेनं निघायचंय."

यावर काय बोलणार? ओल्या मातीतल्या खोल चाकोऱ्या उन्हात दगडासारख्या वाळतात आणि मग त्यात ट्रॉली अडकते ती काकांची. आपण तर रविवारी रात्री घरी. गाडी वळवली, सेनगावात दीड दिवस काढला. ऊन चांगलं पडल्यावर काकांनीच जा म्हटलं आणि चढण तासाभरात झाली.

आता मराठवाड्यात निघण्याआधी हवामानाचं ॲप बघतोच, पण पोचल्यावर गावात विचारतोही, वाफसा आलाय का? नाही म्हणाले तर सरळ चहा मागवायचा.