परकायाप्रवेश

आमच्या घरीं मुलें जुने अमेरिकन व्यंगचित्रपट लावून बसलीं, कीं मी शेजारच्या खोलींत पडल्या पडल्या नुसता कान देऊन असतों. बग्ज बनी हा ससा आणि डॅफी हें बदक कडाकडा भांडत असतात. आणि दोघांच्या गळ्यांत बसलेला माणूस मात्र एकच — मेल ब्लँक (१९०८–१९८९)! जॅक बेनीच्या रेडिओवरील कार्यक्रमांत हाच खटारा मोटारीची धाप तोंडानें काढी, आणि दूरचित्रवाणीवर त्याच बेनीचा गांजलेला व्हायोलिनशिक्षक होई.

अशा नटाला आपण 'नकल्या' म्हणून हातावेगळा करतों. मला तें अन्यायाचें वाटतें. नकल्या दुसऱ्याचा आवाज उचलतो. मेलनें ज्यांना आवाजच नव्हता त्यांना तो दिला.

जानेवारी १९६१ मध्यें लॉस एंजेलिस येथें त्याच्या मोटारीला भयंकर अपघात झाला. सुमारें दोन आठवडे तो बेशुद्ध होता. नांवानें मारलेल्या हांकेला ओ मिळेना. अखेर डॉक्टरांनीं सशाची विचारपूस केली, आणि मेलच्या ओठांतून ससा बोलला! (घरच्यांनींच सांगितलेली ही हकीकत, वैद्यकशास्त्र तिला काय म्हणेल तें म्हणो.)

'फ्लिंटस्टोन्स' मालिकेंतील बार्नीचें त्याचें काम कांहीं भागांपुरतें डॉज बटलर ह्या नटानें संभाळलें. मग मायक्रोफोनच मेलच्या बिछान्यापाशीं आणण्यांत आला. अंगभर प्लॅस्टरमध्यें जखडलेला तो मनुष्य उताणा पडून बोले, आणि पडद्यावरचा बार्नी खुशाल खिदळे.