खर्चाचा रकाना
बाळकुमच्या आमच्या बिऱ्हाडीं संशोधनाचे आराखडे घेऊन विद्यार्थी येतात. बहुतेकांचा आरंभ राष्ट्रोन्नतीपासून. खरा प्रश्न शेवटच्या पानावर, आणि खर्चाचा रकाना कोराच! पैशाचें नांव काढणें त्यांस कमीपणाचें वाटतें. मग आम्ही त्यांस डॉ. आंबेडकरांचें स्मरण देतों. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरतांच १९१७ मध्यें त्यांस लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. सिडनहॅम महाविद्यालयांतील पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साह्य व मित्राचें कर्ज घेऊन ते १९२० मध्यें पुन्हां गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर डी.एस्सी. मिळाली ती १९२३ सालीं. एवढ्या विद्वानाचींहि तीन वर्षें पैशापायीं गेलीं. तेव्हां आधीं प्रश्न, मग मुदत, मग रुपये, असें स्वच्छ लिहावें. ज्ञानासाठीं मागण्यांत लाज कसली?