पंखांचा घोडा

आमच्या पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांची एक अडचण बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. घरी मोहल्ल्यातली बोली, पुस्तकात किताबी उर्दू, दुकानांच्या पाट्यांवर मराठी आणि मोठ्या भावाच्या मोबाइलवर इंग्रजी. सहा वर्षांचे लेकरू या चार दारांत उभे असते. "काल काय पाहिलेस, सांग" म्हटले की मान खाली घालते. त्याच्या हाती रंग द्या, मग पाहा.

आमचे गाव यंत्रमागांचे. मुलांचे आईवडील रोजंदारीवर जगणारे. रंगपेटी सगळ्यांना परवडत नाही. सरकारने २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' सुरू केला, तेव्हापासून आम्ही शिक्षकांनी शनिवारचा शेवटचा तास रंगांना दिला आहे. गेरू, हळद, नीळ, कोळसा हे आमचे रंग. सुताचा गुंता काडीला बांधला की ब्रश तयार. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ फरशीवर पसरायची आणि आम्ही भिंतीला टेकून बसायचे. नमुना द्यायचा नाही, मुलाचा हात धरायचा नाही, एवढाच आमचा आपसातला करार.

पहिली दोन मिनिटे मुले एकमेकांच्या कागदात डोकावतात. मग कुणी अख्खा पंजाच निळीत बुडवतो. एकाने कागदभर माग काढला आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढे अब्बा. "अब्बा एवढेसे का रे?" तर म्हणाला, "माग कितना चिल्लाता है, मॅडम!" एकीच्या घराला भिंतच नव्हती, म्हणून आतली दादी दिसत होती आणि दारातल्या बकरीच्या पोटातले पिल्लूही. अलिफ-बे गिरवू लागलेल्या मुलांच्या कागदावर आगगाडी बहुधा उजवीकडून निघते, हेही आम्ही पाहिले आहे.

बी.एड.ला असताना व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या १९४७ सालच्या पुस्तकाची ओळख झाली होती. लहान मूल वस्तू दिसते तशी काढत नाही, ती त्याला जेवढी महत्त्वाची वाटते तेवढी मोठी काढते, असे ते सांगतात. छापील चित्रांत रंग भरायला लावण्यालाही त्यांचा विरोध होता. परीक्षेसाठी पाठ केलेले ते मुद्दे आता फरशीवर रांगताना दिसतात.

पालक दोन प्रश्न विचारतात. एक, याला मार्क किती? आम्ही सांगतो, ज्या बोटांना काडी धरता येते त्यांना पेन्सिल जड जात नाही. दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो : तसवीर काढणे जायज आहे का? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत, फतवा देणे आमचे काम नव्हे. ज्या घरात जिवंत प्राण्यांची चित्रे नको असतात, तिथली मुले वेलबुट्टी, नदी, मिनार रंगवतात आणि तीही तितकीच रमतात. पण सुनन अबू दाऊदमधली एक हदीस आम्हांला फार जवळची वाटते. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. हुजूर (स.) यांनी विचारले, घोड्याला पंख कसे? त्यांनी उत्तर दिले, सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? हुजूर (स.) मनमोकळे हसले. शिक्षक म्हणून आम्ही त्यातून एवढेच घेतो : त्यांनी विचारले आणि मुलीचे उत्तर ऐकून घेतले. पंख काढून टाक, असे म्हटले नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आलेली एक मुलगी ऑगस्टपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलाही नुसता हात वर करायची. एका शनिवारी तिने सगळा कागद कोळशाने काळा केला आणि मधोमध हळदीचे एक बोट टेकवले. आम्ही विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "बत्ती गुल हुई थी. माग बंद पड गया. अम्मी मोमबत्ती ढूँढ रई थी. मैं डरी नई. मुन्ना रो रा था."

पाच वाक्ये. सगळी घरच्या बोलीतली. आम्ही ती जशीच्या तशी फळ्यावर उतरवली. पुढच्या आठवड्याचा पहिला धडा तोच झाला आणि तो तिनेच सगळ्यांना वाचून दाखवला.