मुदत टळलेली टिपणे

घराला रंग देण्याचे ठरले की गृहस्थाच्या आयुष्यातील कित्येक गुपिते उघडकीस येतात. गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या घरी रंगारी आले आणि माझे लाकडी कपाट रिकामे करण्याची पाळी आली. त्यातून निघालेला कागदांचा ढीग पाहून सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "यातले रद्दीत काय घालायचे तेवढे सांगा." प्रश्न साधा होता, पण तीस वर्षे इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला त्याचे उत्तर देता येईना.

जात्यावरच्या ओव्यांवर एक पुस्तक लिहावे, असा संकल्प मी १९९४ साली सोडला. संकल्प 'सोडणे' या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवसापासून पाठकोरे कागद, लग्नपत्रिका, एस. टी.ची तिकिटे, जे हाती येईल त्यावर मी टिपणे करीत आलो. पुढे ती लावण्यासाठी जॉन लॉकची पद्धत उचलली. या तत्त्वज्ञाने आपल्या टिपणवहीची युक्ती १६८६ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली होती. विषयाच्या नावाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घ्यायचा आणि त्याप्रमाणे सूचीच्या शंभर घरांपैकी एकात त्याची नोंद करायची. मी मोठ्या हौसेने घरे आखली आणि मग उमगले की ही तर बहुतांशी आपली बाराखडीच! ज्या युक्तीचे मला एवढे अप्रूप वाटले, ती मी बिगरीतच शिकलो होतो. 'का'च्या घरात कापूस आणि काशी गुण्यागोविंदाने नांदू लागली; पुस्तक मात्र होते तेथेच राहिले.

मग संगणक आला. निम्मी टिपणे फ्लॉपीवर चढविली. आज ती वाचणारे यंत्रच घरात नाही. कागदाला वाळवी लागते हे ठाऊक होते, यंत्रांनाही लागते हे नव्हते. पुढे फोन आला. ग्रंथालयातील पानांची छायाचित्रे भाचीच्या लग्नातील छायाचित्रांत मिसळली. मधूनच एखाद्या सुटीत मी सारे एकत्र करावयास बसे. कागदावरचे संगणकावर, संगणकावरचे फोनमध्ये, आणि फोनचा भरवसा नाही म्हणून काही पुन्हा कागदावर. अशा सुटीनंतर खूप काम केल्याचे समाधान लाभे.

मनाला टोचणी लागलीच तर मी डेक्कन कॉलेजकडे बोट दाखवी. पुण्याच्या त्या संस्थेत संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम १९४८ साली सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे आहेत, आणि पहिला खंड बाहेर पडावयास १९७६ साल उजाडले. जेथे पंडितांच्या मेळ्याला अठ्ठावीस वर्षे लागली, तेथे मज एकट्याला घाई कसली? हा युक्तिवाद मला फार सोयीचा होता. त्यात एक खोट होती, ती रंगाऱ्यांच्या कृपेने दिसली.

ढिगातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. 'माहेरच्या वाटेची ओवी. शेवटचा चरण? आईला विचारणे.' सहज म्हणून फोनच्या शोधचौकटीत तेच शब्द घातले. क्षणात तीच नोंद समोर आली. तारीख २०१७ सालची. संगणकावर पाहिले, तर तेथेही ती होती, आणि तिच्या डोक्यावर 'महत्त्वाचे' असा शेरा होता. तीस वर्षांत एवढे सुव्यवस्थित असे माझे दुसरे टिपण नव्हते. ते तीन ठिकाणी सुरक्षित होते, हव्या त्या क्षणी सापडत होते. विचारावयाचे तेवढे राहिले होते. आई २०२१ साली गेली. त्यापूर्वीची कित्येक वर्षे ती माझ्या खोलीपलीकडच्या खोलीत बसून तांदूळ निवडीत असे, आणि अलीकडे मी टिपणे लावीत असे.

ग्रंथ थांबतात, माणसे थांबत नाहीत, एवढी गोष्ट मी विसरलो होतो. टिपण ही एक हुंडी आहे. मुदतीत वटविली तर रोकड, नाहीतर नुसता कागद. माझ्या पेढीत हुंड्या नीट लावलेल्या होत्या आणि मी त्यालाच श्रीमंती समजत होतो.

दुसऱ्या आठवड्यात मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात मावशीकडे गेलो. वही उघडून प्रश्न विचारताच ती गप्प झाली. "हात फिरल्याबिगर ओवी कशी यायची रे?" असे म्हणून तिने वही मिटावयास लावली. मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर तळहात गोल गोल फिरवीत ती हळूहळू गाऊ लागली. माहेरच्या वाटेची ओवी आली, शेवटच्या चरणासह आली. तो चरण आईही असाच म्हणत असे की काही निराळा, हे सांगणारे आता कोणी नाही.

परतताना तो चरण मी सवयीप्रमाणे एस. टी.च्या तिकिटामागे उतरविला. घरी आल्यावर मात्र ते तिकीट कोणत्याही घरात ठेवले नाही. त्याच रात्री पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणास हात घातला आणि आरंभीच लिहिले की या ओवीचा एक पाठ माझ्या आळसामुळे नाहीसा झाला आहे. कपाटाला रंग छान बसला आहे. ते अजून अर्धे रिकामे आहे, आणि सौभाग्यवतींनी त्याविषयी अद्याप काही विचारलेले नाही.