कुर्ल्याची पालिओ, नोएडाची सिटी

२००१ साली तो दहावीत होता आणि इतिहासाच्या सनावळीपेक्षा गाड्यांचे आकडे त्याला पक्के पाठ होते. होंडा सिटी व्हीटेक: १४९३ सीसी, १०६ अश्वशक्ती. फियाट पालिओ १.६: १५९६ सीसी, १००. एक ग्रेटर नोएडाची सेडान. दुसरी त्याच्या घरामागे कुर्ल्यात, जिथे पद्मिनी घडली तिथेच बनणारी हॅचबॅक. शिवाय जाहिरातीत सचिन! सहा अश्वशक्तींची तूट त्याने मनावर घेतली नाही.

कॉलेजात असताना मामाच्या सिटीत बसला, तेव्हा मनावर घ्यावी लागली. बाजारात जाताना ती अगदी शहाण्यासारखी चालायची. पण आरपीएमची सुई वर चढली, व्हॉल्व्ह अधिक उघडणारी व्हीटेक यंत्रणा जागी झाली, की इंजिनाचा सूरच पालटायचा आणि मामाचं वय वीस वर्षांनी उतरायचं. २००३ मध्ये होंडाने नवी सिटी आणली तीही दीड लिटरचीच, पण ७७ अश्वशक्तीची. जुन्या व्हीटेकला आज जो मान आहे, त्याचं निम्मं श्रेय त्या ७७ला द्यायला हवं.

पालिओवर ‘पेट्रोल पिते’ असा शिक्का बसला आणि तो पुसला गेला नाही. दारं जड, पत्रा दणकट. सरळ रस्त्यावर सिटी पुढे जाईल. बोरघाटाच्या वळणांवर मात्र पालिओचं स्टिअरिंग हातात असावं.

नोकरी लागल्यावर त्याने चारचौघांसारखी डिझेल गाडी घेतली.

आता चाळिशीत तो पुन्हा या दोघींच्या मागे आहे, आणि आकडे बदललेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून थेट ५००० झालं. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, तशा तिथल्या सिटी एनओसी घेऊन इतर राज्यांत निघाल्या. २०२१च्या नियमानुसार ‘विंटेज’ ठरायला पन्नास वर्षं लागतात. म्हणजे २००१च्या पालिओला २०५१ उजाडेल. तोवर सरकारदरबारी ती नुसतीच जुनी गाडी.

पालिओचे सुटे भाग शोधायला तो कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर फिरतो. सिटीची अडचण वेगळी: तरुण मालकांनी एक्झॉस्ट, सस्पेन्शन, काय काय बदलून ठेवलेलं, त्यामुळे अस्सल कंपनी फिटिंगची गाडी दिसली की संग्राहक घासाघीस न करता पैसे मोजतात. त्याचा कल अजूनही पालिओकडेच आहे. बायको डिकी बघून सिटी म्हणते.