एक बोल्ट, चार कोपरे

जुनी थार घरी आली तेव्हा ती उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला झुकलेली होती. ती सरळ उभी करायची, एवढंच माझ्या मनात होतं. मागचे पाटे ओळखीचे होते. पुढे वाकून पाहिलं तर स्प्रिंगचं वेटोळं कुठेच नाही. चाकाच्या आर्मपासून निघालेली एक सरळ पोलादी कांब तेवढी चासीच्या कडेने मागे गेलेली. "ताई, हीच तुमची स्प्रिंग," मिस्त्रीकाका म्हणाले, "हिला पीळ द्यावा लागेल." सरळ कांब स्प्रिंग कशी असेल आणि पोलादाला पीळ कसा द्यायचा, मला काही उलगडेना.

२०१० पासून निघालेल्या कॉमन रेल इंजिनाच्या थारला पुढे हे टॉर्शन बार आहेत. २०२० च्या नव्या थारला वेटोळ्या स्प्रिंगा आल्या. बारचं एक टोक चाकाच्या आर्मला जखडलेलं असतं, दुसरं टोक चासीच्या आडव्या मेंबरपाशी एका छोट्या अँकरमध्ये. चाक खड्ड्याच्या काठावर चढलं की आर्म वर जातो, कांब पिळली जाते आणि उलट फिरायला बघते. ते उलट फिरणं म्हणजेच गाडीला मिळणारा आधार. सिट्रोएनने १९३४ च्या ट्रॅक्सिऑं आव्हॉं या मोटारीत पुढच्या चाकांना असेच बार दिले होते. टी-५५ हा जवळपास छत्तीस टनांचा रणगाडाही पोटातून आडव्या गेलेल्या अशाच कांबांवर उभा असतो. हे समजल्यावर त्या साध्या दिसणाऱ्या कांबेबद्दल मला मनापासून आदर वाटू लागला.

त्या अँकरला खालून एक लांब बोल्ट टेकलेला असतो. तो आवळला की अँकर थोडा फिरतो, त्याच्याबरोबर कांब फिरते आणि गाडीचं नाक वर येतं. पण बोल्टला हात लावण्याआधी काकांनी मापं घ्यायला लावली. सपाट फरशी, चारही टायरांत ठरलेली हवा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. माप जमिनीपासून घ्यायचं नाही, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत घ्यायचं. टायरची झीज त्यामुळे हिशोबात येत नाही. उजवी बाजू डावीपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर खाली निघाली. वर्षानुवर्षं भार घेऊन कांब थोडी बसतेच, आणि ड्रायव्हरचं वजन रोज त्याच बाजूला पडत असतं.

मग चासीला जॅक लावून पुढची चाकं लोंबती केली आणि खाली घोड्या दिल्या. चाकं लोंबली की कांबेवरचा भार उतरतो. गाडीचं वजन असताना तोच बोल्ट जोर लावून फिरवला तर आटे जातात. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलेलं होतं, चेक नट सैल केला आणि उजवा बोल्ट थोडा आवळला.

गाडी खाली घेतली आणि पुन्हा पट्टी लावली. दोन्ही बाजू अपेक्षेपेक्षा कितीतरी उंच! काही चुकलं का म्हणून मी काकांकडे पाहिलं. त्यांनी गाडी फक्त थोडी पुढे-मागे घ्यायला सांगितली, आणि ती आपोआप खाली बसली. लोंबताना चाकं कमानीत फिरून आत सरकतात. गाडी टेकली तरी टायरची पकड त्यांना बाहेर जाऊ देत नाही; चाकं फिरली की ती आपल्या जागी येतात. त्याआधी घेतलेलं माप खोटं.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. बोल्ट उजवा फिरवला होता, पण पुढची डावी बाजूही थोडी वर आली होती आणि मागचा डावा कोपरा किंचित बसला होता. चासी एकसंध असते. एका कोपऱ्याला आधार वाढवला की त्याच्यावरचा आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरचा भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा घटतो. म्हणून थोडंसं फिरवायचं, गाडी हलवायची आणि चारही कोपरे पुन्हा मोजायचे. बोल्ट किती फिरवला हे वहीत लिहायचं, म्हणजे परत यायची वाट राहते. या कामात घाई करणाऱ्याकडे गाडी देऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

बाजू सारख्या झाल्यावर मनात आलं, हात लागलाच आहे तर नाक अजून दोन इंच वर का घेऊ नये? घाटातल्या दगडांवरून पोट सुटेल. काकांनी मला पुन्हा गाडीखाली बोलावलं. बार आवळला की कडक होतो असं गॅरेजांत सर्रास म्हणतात, पण कडकपणा ठरतो कांबेच्या जाडीवर आणि लांबीवर. कांब दहा टक्के जाड केली तर ती जवळपास दीडपट कडक होते, बोल्टने मात्र तिच्यात तिळभर फरक पडत नाही. चाकाचा एकूण प्रवासही तेवढाच राहतो. उभं राहण्याची जागा वर घेतली की चाकाला खाली जायला उरतं थोडं. खड्ड्यात चाक खाली पोचायच्या आत आर्म अडतो, धाडकन आवाज येतो आणि लोकांना स्प्रिंग कडक झाल्यासारखी वाटते. उंच केलेल्या गाडीचं चाक खडकाळ उतारावर लवकर हवेत उचललं जातं, आणि फोर बाय फोरमध्ये पकड हवी असते नेमकी तिथेच. शिवाय पुढच्या एक्सलचे जॉइंट जास्त तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, आतलं ग्रीस जाऊन चिखल शिरतो.

मी दोन इंचांचा हट्ट सोडला. दोन्ही बाजू अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणून चेक नट आवळले. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून तिथूनच अलाइनमेंटला जायचं होतं. काकांनी बजावलं, "आधी आठवडाभर चालवा, पुन्हा मोजा, मगच अलाइनमेंट. तोवर लांब जाऊ नका, टायर खाईल. आणि हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातोय."